नावाची किंमत कोण मोजतो?

अमेरिकेतल्या मराठी घरांत मार्चचा शेवटचा आठवडा आणि त्यापाठोपाठचा सारा एप्रिल महिना विलक्षण ताणाचा असतो. बारावीतल्या मुलाने किंवा मुलीने दहा-पंधरा ठिकाणी केलेल्या अर्जांची उत्तरे या दिवसांत एकामागून एक येतात. पूर्वी ती टपालाने येत; पाकीट जाड असले तर प्रवेश आणि पातळ असले तर नकार, हे ते फोडण्याआधीच कळे. आता ठरल्या दिवशी, ठरल्या घटकेला संगणकाच्या पडद्यावर निकाल उमटतो आणि आई, वडील, धाकटी बहीण अशी सगळी जण पाठीमागे उभी राहून तो वाचतात. त्यानंतर १ मेपर्यंत, म्हणजे होकार कळवून अनामत रक्कम भरण्याच्या रूढ मुदतीपर्यंत, घरात दुसरा विषय नसतो. आपल्या राज्याचे सार्वजनिक विद्यापीठ पत्करायचे, की मोठ्या नावाचे खाजगी कॉलेज?

परदेशस्थ मंडळींचा घरगुती मामला म्हणून हा प्रश्न सोडून देता आला असता. पण पुण्या-ठाण्याच्या, नाशिक-कोल्हापूरच्या किती तरी घरांतली नातवंडे या निर्णयाच्या उंबरठ्यावर उभी असतात आणि त्यांच्या आईवडिलांच्या निवृत्तीच्या पुंजीचे काय होणार, हेही त्याच महिन्यात ठरते. शिवाय उच्च शिक्षणाचा भार समाजाने उचलायचा की ज्याच्या त्याच्या घराने, हा वाद आपल्याकडे कुठे मिटला आहे? अमेरिकेने तो दीडशे वर्षांपूर्वी एका बाजूने सोडवला होता. नंतर काटा हळूहळू दुसऱ्या बाजूला कलू दिला.

या चर्चेत दूरध्वनीवरून भाग घेणाऱ्या आजी-आजोबांची एक गंमत होते. "स्टेट युनिव्हर्सिटीत मिळालंय, आजोबा," असे नातू जरा पडलेल्या आवाजात सांगतो आणि आजोबा खूश होऊन म्हणतात, "अरे, मग उत्तमच की! सरकारी कॉलेजात नंबर लागला म्हणजे झालंच!" पलीकडे क्षणभर शांतता पसरते. आजोबांचा शब्दकोश महाराष्ट्रातला आहे. त्यांच्या काळी गुणवत्ता यादीत वर असलेला मुलगा पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये किंवा यूडीसीटीत जाई आणि नाममात्र फी भरून शिके. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडून दिले तेव्हापासून 'खाजगी' या शब्दाला देणगीचा वास चिकटला तो चिकटलाच. त्यातली काही महाविद्यालये पुढे चांगली नावारूपाला आली, तरी मनातली उतरंड बदलली नाही: हुशार तो सरकारी, पैसेवाला तो खाजगी.

अमेरिकेत ही उतरंड नेमकी उलटी आहे. हार्वर्ड १६३६ सालचे, प्रिन्स्टन १७४६ सालचे. देश स्वतंत्र होण्याआधीची, धनाढ्य देणगीदारांच्या आश्रयावर वाढलेली ही खाजगी विद्यालये शिखरावर बसली आहेत. राज्यांची सार्वजनिक विद्यापीठे त्यांच्या पायथ्याशी आहेत, अशी निदान समजूत आहे. ती समजूत घट्ट करण्याचे काम एका अमेरिकन साप्ताहिकाने १९८३ पासून सुरू केलेल्या क्रमवारीने केले. आपल्याकडे खाजगी महाविद्यालयांचे पेव फुटण्याचे वर्षही तेच, हा केवळ योगायोग!

सार्वजनिक विद्यापीठांचा इतिहास मात्र पायथ्याचा नाही. यादवी युद्ध ऐन भरात असताना, जुलै १८६२ मध्ये, अब्राहम लिंकन यांनी मॉरिल कायद्यावर सही केली. काँग्रेसमधल्या प्रत्येक सदस्यामागे ३० हजार एकर या हिशेबाने राज्यांना जमीन द्यायची, ती विकून आलेल्या पैशातून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजे चालवायची, अशी ही योजना. ही जमीन मूळ रहिवाशांकडून घेतलेली होती हे विसरून चालणार नाही. पण शेतकऱ्याच्या आणि कारागिराच्या मुलाने कॉलेजात जावे आणि त्याची सोय राज्याने करावी, ही कल्पना त्या काळी कोणत्याही देशाला सहज सुचणारी नव्हती.

न्यू जर्सी या राज्याचे उदाहरण घेऊ, कारण एडिसन आणि त्याच्या आसपासच्या गावांत मराठी वस्ती दाट आहे आणि हा पेच तिथे अक्षरशः हाकेच्या अंतरावर उभा असतो. न्यू ब्रन्सविकचे रटगर्स हे राज्याचे विद्यापीठ. तिथून पंधरा-सोळा मैलांवर प्रिन्स्टन. जमिनीचे अनुदान न्यू जर्सीतल्या कोणत्या कॉलेजला मिळावे यावरून १८६४ साली या दोघांत चुरस झाली आणि रटगर्सने बाजी मारली. राज्याच्या वाट्याला २ लाख १० हजार एकर आले होते. अर्थात ते दूर पश्चिमेकडचे. १८६९ साली दोघांमध्ये जो फुटबॉलचा सामना झाला तो अमेरिकेतला पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना मानतात. तोही रटगर्सनेच ६-४ असा जिंकला. त्यानंतरच्या दीड शतकात प्रिन्स्टनने प्रतिष्ठेचा सामना किती मोठ्या फरकाने जिंकला हे सांगायला नको. (प्रिन्स्टन पाहायला नेलेल्या पाहुण्यांना 'आइन्स्टाइन इथेच शिकवत' असे हमखास सांगितले जाते. ते नोकरीला होते शेजारच्या एका स्वतंत्र संशोधन संस्थेत.)

रटगर्सच्या कृषिशाखेतल्या मातीच्या अभ्यासातूनच १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन हे औषध निघाले. सेलमन वाक्समन यांचा विद्यार्थी अल्बर्ट शाट्झ याने ते वेगळे काढले आणि १९५२ चे नोबेल एकट्या वाक्समन यांना मिळाले. श्रेयाचा तो झगडा कोर्टापर्यंत गेला, पण तो विषय वेगळा. क्षय म्हणजे सॅनेटोरियम आणि पुढे नशीब, हे समीकरण ज्या औषधाने मोडले ते एका राज्य विद्यापीठाच्या तळघरातल्या प्रयोगशाळेतले आहे. 'सेफ्टी स्कूल', म्हणजे दुसरे काही मिळाले नाही तर हक्काचे, असा शब्द आपली मुले या विद्यापीठाला सर्रास वापरतात आणि आईवडील तो ऐकून घेतात, तेव्हा ही गोष्ट आठवावी असे वाटते.

ऐकून घेणारे हे आईवडील कोण? त्यांच्यातले कित्येक जण स्वतः महाराष्ट्रातल्या शासकीय महाविद्यालयांत जवळजवळ फुकट शिकलेले आहेत. पुढे पर्ड्यू, टेक्सास ए अँड एम, अॅरिझोना स्टेट अशा राज्य विद्यापीठांत सहायकवृत्तीवर एमएस झालेले आहेत. दोन देशांतल्या करदात्यांनी त्यांना दोनदा शिकवले. खेडेवजा विद्यापीठनगरीत तीन मित्रांत एक खोली घेऊन काढलेले दिवस ते रंगवून सांगतात. पण मुलाचा प्रश्न आला की तेच विद्यापीठ एकाएकी कमी वाटू लागते. याचे एक कारण सामाजिक आहे. मंडळाच्या गणेशोत्सवात 'तुमचा कुठे?' या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता यायला हवे असते. दुसरे कारण अधिक खोल आहे. आयआयटी थोडक्यात हुकल्याची टोचणी ज्यांना तीस वर्षे आहे, ते तिची भरपाई पुढच्या पिढीच्या प्रवेशपत्रात शोधतात. मुलाला याची कल्पना असतेच असे नाही.

आता पैशाकडे वळू. कॉलेज बोर्ड या संस्थेच्या आकडेवारीप्रमाणे २०२४-२५ साली चार वर्षांच्या सार्वजनिक विद्यापीठांत त्याच राज्यातल्या विद्यार्थ्याला सरासरी ११,६१० डॉलर वार्षिक फी होती, परराज्यातल्याला ३०,७८०, आणि ना-नफा खाजगी कॉलेजांत ४३,३५०. ही झाली सरासरी. रटगर्सची त्या वर्षीची फी राज्यातल्या विद्यार्थ्यासाठी १८ हजारांच्या आसपास होती. प्रिन्स्टनची नुसती फी ६० हजारांच्या पुढे आणि राहण्या-जेवणासह वर्षाचा खर्च ८० हजारांच्या वर. चार वर्षांचा गुणाकार वाचकांनी करावा.

परंतु हे आकडे छापील किमतीचे आहेत, आणि छापील किंमत सर्वांनी द्यायची नसते. इथेच सारी मेख आहे. हार्वर्ड, प्रिन्स्टन यांसारखी कॉलेजे गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देत नाहीत. प्रवेश मिळाला म्हणजे गुणवत्ता गृहीत धरली जाते. मदत मिळते ती कुटुंबाच्या गरजेवर. ही गरज कॉलेज स्वतः ठरवते, उत्पन्नावरून, बचतीवरून आणि कित्येक ठिकाणी राहत्या घराच्या किमतीवरूनही. हार्वर्डने २०२५-२६ पासून वर्षाला २ लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना फी माफ केली आणि १ लाखापर्यंतच्या घरांचा तर राहण्या-जेवणाचा खर्चही उचलला. प्रिन्स्टननेही २०२५ मध्ये आपल्या मर्यादा अशाच वर नेल्या. म्हणजे बसचालकाच्या, परिचारिकेच्या किंवा छोट्या दुकानदाराच्या मुलीला प्रिन्स्टनमध्ये प्रवेश मिळाला तर ते तिला रटगर्सपेक्षा स्वस्त पडण्याचीच शक्यता अधिक. अशा घराने एप्रिल महिना काळजीत घालवण्याचे कारण नाही. तिने खुशाल प्रिन्स्टनला जावे.

पेच आहे तो दुसरीकडे. नवरा आयटीत, बायको औषध कंपनीत, दोघांचे मिळून उत्पन्न या मर्यादांच्या थोडे किंवा बरेच वर, घराचे हप्ते चालू, धाकटे भावंड आठवीत. गावाकडे आईवडिलांच्या औषधपाण्याला दरमहा पैसे जातात, ते मदतीच्या कोणत्याही अर्जात सहसा धरले जात नाहीत. उलट पुण्यात म्हातारपणासाठी घेऊन ठेवलेला फ्लॅट मात्र मालमत्ता म्हणून दाखवावा लागतो. कागदावर हे घर श्रीमंत ठरते. शिवाय ज्यांच्या तिजोऱ्या खरोखर भरलेल्या आहेत अशी कॉलेजे मोजकी, आणि त्यांच्याकडे शंभरातले चार-पाच अर्जदार घेतले जातात. बहुतेक घरांपुढचा खरा पर्याय रटगर्स की प्रिन्स्टन असा नसतोच. त्या शिखराच्या खालची वीस-तीस खाजगी कॉलेजे असतात. न्यूयॉर्क, बोस्टन, लॉस एंजेलिस अशा शहरांतली, नाव चांगले, छापील किंमत प्रिन्स्टनएवढीच किंवा त्याहून अधिक, आणि मदत देण्याची ऐपत बरीच कमी. सारी ओढाताण होते ती इथे.

एक गट याहून वेगळ्या अडचणीत आहे. आईवडील एच-१बी व्हिसावर, ग्रीन कार्डाच्या अनेक वर्षांच्या रांगेत, मूल एच-४ वर. हे मूल पहिलीपासून अमेरिकेत शिकले तरी संघराज्य सरकारची मदत आणि कर्ज त्याला मिळत नाही. स्वतःच्या राज्यात राज्यवासीयांचा दर मिळेल की नाही हे त्या त्या राज्याच्या नियमांवर अवलंबून. वयाची एकवीस वर्षे पूर्ण झाली की आईवडिलांच्या व्हिसावरचा हक्क संपतो आणि विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी अशी थोडी कॉलेजे परदेशी विद्यार्थ्यालाही गरजेप्रमाणे पूर्ण मदत देतात. अशा मुलाच्या बाबतीत नेहमीचे सारे हिशेब फिरू शकतात, आणि शेजारच्या नागरिक कुटुंबाचा सल्ला त्याच्या उपयोगाचा नसतो.

मग नावाला काही किंमत आहे की नाही? या प्रश्नावर मते पुष्कळ आहेत. पुरावा थोडा आहे, पण आहे. प्रिन्स्टनचेच अर्थशास्त्रज्ञ अॅलन क्रूगर आणि त्यांच्या सहकारी स्टेसी डेल यांनी २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९७६ साली कॉलेजात शिरलेल्या विद्यार्थ्यांची जवळजवळ वीस वर्षांनंतरची कमाई त्यांनी पाहिली. त्यातली हुशारी अशी की, नामांकित कॉलेजात गेलेल्यांची तुलना त्यांनी वाटेल त्या पदवीधराशी केली नाही. तशाच कॉलेजांत प्रवेश मिळूनही जे कमी नावाच्या ठिकाणी गेले, त्यांच्याशी केली. दोघांच्या कमाईत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. मुलगा स्वतःची बुद्धी आणि जिद्द बरोबर घेऊन जातो. ती कोणत्या दारातून आत नेली याने फारसे बिघडत नाही, असा त्याचा अर्थ. अपवाद आढळला तो गरीब घरच्या मुलांचा. पुढच्या अभ्यासात कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि अल्पशिक्षित आईवडिलांच्या मुलांबाबतही तेच दिसले. त्यांना मोठ्या नावाचा फायदा झाला. ज्याच्या घरी ओळखी नाहीत, अर्ज कसा लिहावा, मुलाखतीला काय घालावे हे सांगणारे कोणी नाही, त्याला ते नाव हे सारे पुरवते.

हा पुरावा जुना झाला म्हणावे, तर २०२३ मध्ये राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांनी आयव्ही लीगची आठ आणि तशीच चार, अशा बारा कॉलेजांचा अभ्यास पुढे आणला. राज्यांच्या अग्रगण्य सार्वजनिक विद्यापीठांशी तुलना करता सरासरी उत्पन्नात त्यांनाही विशेष फरक दिसला नाही. पण टोकाला दिसला. उत्पन्नात देशातल्या वरच्या एक टक्क्यात पोहोचण्याची शक्यता निम्म्याने वाढते. नामांकित पदव्युत्तर शाखेत जाण्याची जवळजवळ दुप्पट होते आणि प्रतिष्ठित पेढ्यांत नोकरी मिळण्याची तिप्पट. वॉल स्ट्रीट, सर्वोच्च न्यायालयातली उमेदवारी, मोजक्या सल्लागार कंपन्या, राजकारणाचे वरचे मजले यांची दारे अरुंद आहेत आणि दारवान बिल्ला पाहतो. हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्या मुलीला खरोखरच त्या दारातून जायचे आहे तिच्या बाबतीत नाव ही चैन म्हणता येणार नाही. मात्र सतराव्या वर्षी ते मुलीला जायचे आहे की तिच्या वडिलांना, एवढे तपासून घ्यावे.

त्याच अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली. परीक्षेतले गुण सारखे असताना वरच्या एक टक्का श्रीमंतांची मुले या कॉलेजांत जाण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक होती. आईवडील तिथलेच माजी विद्यार्थी असणे, खास खेळांतली भरती आणि शाळांनी दिलेले गुणवर्णन, ही त्याची कारणे. २०१९ साली तर प्रशिक्षकांना लाच देऊन मुलांना खोटे खेळाडू बनवल्याचे प्रकरण उघडकीस आले आणि नटनट्यांपर्यंत शिक्षा झाल्या. आपल्याकडच्या देणगीवर नाक मुरडणाऱ्या मराठी माणसाला ही माहिती थोडी करमणूक करील.

या साऱ्याची गोळाबेरीज चमत्कारिक आहे. मोठ्या नावाचा उपयोग ज्याला सर्वांत जास्त होतो, त्या गरीब घरच्या मुलाला ते, प्रवेश मिळालाच तर, जवळजवळ फुकट मिळते. ज्याला त्याचा उपयोग सर्वांत कमी, म्हणजे सुशिक्षित, स्थिरस्थावर, घरात दोन पदव्युत्तर पदव्या असलेल्या कुटुंबातल्या मुलाला, त्याची पूर्ण किंमत मोजावी लागते. एडिसनचे मराठी घर नेमके या दुसऱ्या गटात मोडते. वर्षाला हजारो डॉलरचा जो फरक ते भरते, त्यातून मुलाच्या पदरात काय पडते याचे उत्तर बहुधा आईवडिलांच्या समाधानापाशी येऊन थांबते. समाधान विकत घ्यायला आमची हरकत नाही. पण त्यासाठी निवृत्तीच्या खात्याला हात लावू नये, घरावर दुसरे कर्ज काढू नये.

खाजगी कॉलेजांच्या बाजूने जे खरे आहे तेही सांगितले पाहिजे. रटगर्सच्या न्यू ब्रन्सविकमध्ये ३५ हजारांहून अधिक पदवी विद्यार्थी आहेत. प्रिन्स्टनमध्ये सहा हजारही नाहीत. पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्राला तीन-चारशे मुले एका सभागृहात बसतात आणि तोंडओळख होते ती पदव्युत्तर साहाय्यकाशी, प्राध्यापकाशी नव्हे. विद्यापीठ रॅरिटन नदीच्या दोन्ही तीरांवर पसरलेले, दोन तासिकांच्या मध्ये बस पकडायची. हवा तो विषय त्या सत्रात भरून गेला, तर पदवी अर्ध्या वर्षाने लांबते आणि त्या अर्ध्या वर्षाचीही फी असते. लाजाळू मुलगा अशा ठिकाणी चार वर्षे कोणाच्या नजरेत न येता काढू शकतो. छोट्या कॉलेजात बारा जणांच्या वर्गात तो दडूच शकत नाही. मोठे विद्यापीठ विचारणाऱ्याला सर्व काही देते, न विचारणाऱ्याला काहीच देत नाही. आपली मुले घरी मुकाट्याने ऐकणारी म्हणून कौतुक करून घेतात, ती तिथे मागे पडतात. आईवडिलांनी एप्रिलमध्ये क्रमवारीचे तक्ते चाळण्यापेक्षा या एका गोष्टीचा विचार करावा: हा मुलगा अनोळखी प्राध्यापकाचे दार ठोठावील काय?

ठोठावणार असेल तर राज्य विद्यापीठात मिळणाऱ्या गोष्टी पुष्कळ. निवडक विद्यार्थ्यांसाठीचे ऑनर्स कॉलेज, त्यात लहान वर्ग आणि वेगळे वसतिगृह. प्रयोगशाळा इतक्या, की दुसऱ्या वर्षापासून संशोधनात हात घालता येतो. शाळेत दिलेल्या एपी परीक्षांचे श्रेयांक राज्य विद्यापीठे सहसा मोकळ्या हाताने धरतात, बडी खाजगी कॉलेजे हात आखडतात. त्यामुळे जागरूक विद्यार्थी कधी कधी एक सत्र, क्वचित वर्षही वाचवतो.

आणि ज्या घरात डॉक्टर व्हायचे ठरले आहे (आपल्या समाजात अशी घरे कमी नाहीत), त्यांनी तर दोनदा विचार करावा. अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण पदवीनंतर सुरू होते. त्याच्या प्रवेशात पदवीतले गुण आणि एमकॅट परीक्षा यांना मोठे वजन असते. कर्ज काढून डॉक्टर होणाऱ्यांचे कर्ज सर्वसाधारणपणे दोन लाख डॉलरच्या घरात जाते. २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी मर्यादाही आवळल्या. आईवडिलांच्या नावावरचे संघराज्य कर्ज एका मुलामागे वर्षाला २० हजार आणि एकूण ६५ हजार डॉलर. वैद्यकीय विद्यार्थ्याला वर्षाला ५० हजार आणि एकूण दोन लाख. त्यापुढचे कर्ज खाजगी बँकेच्या दाराशी. पदवीवरच पुंजी संपवून बसलेल्या घराला ते दार ठोठावावेच लागेल. अमेरिकेत शैक्षणिक कर्ज दिवाळखोरीतही सहजासहजी सुटत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

तरीही राज्य विद्यापीठ घ्या, एवढे म्हणून सुटका होत नाही, कारण ती विद्यापीठे पूर्वीची राहिलेली नाहीत. १९६० साली कॅलिफोर्नियाने आपला उच्च शिक्षणाचा महाआराखडा केला तेव्हा शाळेतून बाहेर पडणाऱ्या वरच्या एक-अष्टमांश मुलांना राज्याच्या विद्यापीठात, वरच्या एक-तृतीयांशांना स्टेट कॉलेजांत आणि उरलेल्या सर्वांना कम्युनिटी कॉलेजात जागा, असे वचन दिले होते. राज्यातल्या मुलांकडून शिक्षणशुल्क घ्यायचे नाही हे तत्त्व होते. दहा वर्षांत 'शैक्षणिक फी' आली आणि मग ती चढत गेली. २००८ च्या मंदीनंतर बहुतेक राज्यांनी अनुदानाला कात्री लावली. विद्यापीठांनी फी वाढवली आणि दुपटी-तिपटीने फी देणारे परराज्यातले व परदेशातले विद्यार्थी घेऊ लागली. मिशिगन विद्यापीठाच्या अॅन आर्बरमध्ये पदवीच्या वर्गातले निम्म्याच्या आसपास विद्यार्थी राज्याबाहेरचे आहेत. अलीकडच्या काही वर्षांत फीवाढ मंदावली खरी. पण सार्वजनिक विद्यापीठ खाजगीसारखे वागू लागले की त्याच्या स्वस्ताईचा आधार कुठवर टिकणार?

त्या आधाराशी मराठी घरांचा संबंध फक्त ग्राहकाचा नाही. न्यू जर्सीतले मालमत्ता कर देशात सर्वांत चढ्यांपैकी आहेत. आपली माणसे ते बिनतक्रार भरतात, कारण शाळा चांगल्या हव्या असतात. शाळेच्या मंडळाच्या निवडणुकीला आता आपली माणसे उभीही राहतात. बारावीनंतर मात्र हा रस आटतो. राज्याच्या विद्यापीठाला किती अनुदान मिळाले, हा प्रश्न कोणाच्या भोजनात येत नाही. त्यातले अर्धे जण मुलाला बाहेर पाठवण्याच्या खटपटीत असतात आणि उरलेले तो तिथेच राहिल्याचे जरा खालच्या आवाजात सांगत असतात.

कालगणनाही मोठी बोलकी आहे. अनामत भरायची ती १ मेपर्यंत. न्यू जर्सीचे आर्थिक वर्ष सुरू होते १ जुलैला; रटगर्सला राज्य काय देणार हे जूनअखेर ठरते, आणि त्या वर्षाची फी सर्वसाधारणपणे त्याच सुमाराला किंवा त्यानंतर नक्की होते. म्हणजे ज्या एप्रिल महिन्यात घरोघरी रटगर्सच्या फीचे कागद पसरलेले असतात, त्याच दिवसांत त्या फीवर परिणाम करणारा अर्थसंकल्प ट्रेंटनच्या विधिमंडळाच्या समित्यांपुढे असतो. त्यावर जनतेचे म्हणणे ऐकण्यासाठी सुनावण्या होतात. त्या सर्वांना खुल्या असतात, आणि एडिसनहून ट्रेंटनला जायला मोटारीने पाऊण तास लागतो.